सुट्टी द्या, साहेब

सरकारी दवाखान्यातून माणूस बाहेर पडताना त्याच्या केस पेपरवर शेवटचा शेरा पडतो. बरा होऊन घरी गेला, वरच्या दवाखान्यात पाठवला किंवा मरण पावला. याशिवाय आणखी दोन शेरे असतात आणि पुढची सगळी पानं त्या दोहोंविषयी आहेत. पहिला ‘डामा’, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेली सुट्टी. काही ठिकाणी त्यालाच ‘लामा’ म्हणतात. दुसरा ‘फरार’.

डामा घेताना नातेवाइकाकडून एक मजकूर लिहून घेतात. आजाराची पूर्ण कल्पना दिली आहे, घरी नेल्यास जिवाला धोका आहे हे मला समजेल अशा भाषेत सांगितलं आहे, तरी मी माझ्या पेशंटला स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे, पुढं काही बरंवाईट झाल्यास दवाखाना किंवा डॉक्टर जबाबदार राहणार नाहीत. हा मजकूर बहुतेक वेळा सिस्टर किंवा इंटर्न लिहितात, कारण ज्याच्या तोंडी तो घालायचा त्याला लिहिता येत नसतं. खाली डाव्या अंगठ्याचा निळा ठसा. ‘मला समजेल अशा भाषेत’ हे शब्द ज्या भाषेत लिहिलेले असतात ती त्याची भाषा नसली तरी चालतं. फरार होणाऱ्याला एवढंही करावं लागत नाही. सकाळच्या राउंडला खाट रिकामी दिसते, सलाईनची नळी स्टँडला गुंडाळलेली असते, शेजारच्या खाटेवरची बाई सांगते की रात्रीच गेले. रजिस्टरात नोंद होते आणि खाट दुसऱ्याला मिळते.

दोन्ही कागदांवर वेळ असते, तारीख असते, जबाबदारी कुणाची ते असतं. माणूस का गेला, यासाठी रकाना नसतो.

हे शेरे कुणाच्याही नावापुढं पडू शकतात. पुण्या-मुंबईच्या महागड्या रुग्णालयांतूनही लोक बिलाचा आकडा बघून सल्ल्याविरुद्ध बाहेर पडतात. पण जगात जिथं जिथं मूळचा समाज आणि बाहेरून आलेला दवाखाना समोरासमोर आले, तिथं हा शेरा एका बाजूच्या वाट्याला फार आला. ऑस्ट्रेलियातले अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे लोक इतरांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक वेळा उपचार अर्धवट टाकून निघून जातात, हे तिथली सरकारी आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते आहे. तिथं या आकड्यावरून दवाखान्याचं काय चुकतंय ते बघतात. आपल्या वॉर्डात त्यावरून पेशंटची अक्कल काढतात.

मराठवाड्यात हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, ‘आपल्याकडं कुठं आहेत आदिवासी?’ औरंगाबादेत बसून विचारणाऱ्यानं तो विचारला तर समजू शकतं, नांदेडातही विचारतात. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालचं क्षेत्र असलेला मराठवाड्यातला एकच जिल्हा आहे, तो नांदेड. हे क्षेत्र जुन्या किनवट तालुक्यात, म्हणजे आजच्या किनवट-माहूर भागात येतं. गोंड, कोलाम, परधान, आंध ही इथली माणसं. त्यातले कोलाम हे राज्यातल्या तीन अतिमागास, ‘विशेष असुरक्षित’ ठरवलेल्या जमातींपैकी एक. बाकीच्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. कोलामांची वस्ती म्हणजे पोड, गोंडांचा गुडा. अनेक पोडं मुख्य गावापासून लांब, डोंगराच्या कडेला आहेत.

१९५६पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. राज्य पुनर्रचनेत ते नांदेडला जोडलं गेलं आणि जिल्ह्याचं ठिकाण सव्वाशे किलोमीटरच्या घरात गेलं. आजही किनवटच्या माणसाला आदिलाबाद पुष्कळ जवळ पडतं. पण दवाखान्याची वाट कागदानं ठरते. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग गोकुंद्याचं उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथं भागलं नाही की ‘रेफर’ नांदेडला, विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात.

या वाटेवरची एक रात्र बघू. ती कुणा एकीची म्हणून सांगत नाही. वॉर्डात काम केलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. न्यूमोनिया झालेलं दीड वर्षाचं लेकरू घेऊन आई-बाप १०८च्या गाडीत बसतात. घरी म्हातारी, दोन लेकरं आणि शेळ्या. सोबत एक पिशवी, तीत लुगडं, पेला आणि भाकरी. रात्री उशिरा वॉर्डात पोचल्यावर बापाला बाहेर काढतात, कारण बायकांच्या वॉर्डात पुरुषांनी थांबायचं नाही. आईला मराठी थोडीफार कळते, बोलता कमी येते. बापाला बऱ्यापैकी बोलता येते, पण तो जिन्याखाली झोपलेला. डॉक्टर राउंडला येतात, आईला विचारतात, ती मान हलवते. मान हलवली म्हणजे कळलं, असं धरून डॉक्टर पुढच्या खाटेकडं जातात. त्यांच्या पुढ्यात अजून पन्नास खाटा असतात. दुसऱ्या रात्री शेजारच्या खाटेवरचं बाळ दगावतं. तिसऱ्या दिवशी लेकराचा ताप उतरतो, ते दूध ओढायला लागतं. बापाजवळचे पैसे संपत आलेले असतात, दिवस कापूस वेचणीचे असतात, आणि तो सिस्टरला म्हणतो, ‘सुट्टी द्या.’ उत्तर येतं, ‘तुला काय कळतं? लेकरू मरंल ना घरी नेलं तर.’ तो पुन्हा विचारत नाही. चौथ्या सकाळी खाट रिकामी.

डॉक्टर चुकले नाहीत. ताप उतरला म्हणजे न्यूमोनिया गेला असं होत नाही. इंजेक्शनचा कोर्स अर्धवट राहिला तर तो उलटू शकतो. पण आई-बापांचा हिशोबही वेडाचा नाही. लेकरू दूध प्यायला लागलं हे बरं झाल्याचं त्यांना ठाऊक असलेलं सगळ्यात खात्रीचं लक्षण. जिथं एक मूल डोळ्यांदेखत गेलं तिथं दुसरं ठेवायचं का, हा त्यांचा प्रश्न. तो प्रश्न विचारायला जागा नव्हती आणि उत्तर द्यायला कुणाला वेळ नव्हता. दोन तास मिळाले असते, बापाला आत बोलावलं असतं, ‘अजून दोन दिवस, शनिवारी सकाळी सुट्टी, गाडीची सोय आम्ही बघतो’ एवढं सांगितलं असतं, तर ते थांबले असते असं मला वाटतं. किती दिवस थांबायचं हे न सांगता माणसाला थांबवून ठेवणं याला इतरत्र आपण वेगळं नाव देतो.

गाडीचं मुद्दाम लिहिलं. १०८ची गाडी दवाखान्यात आणते, परत नेत नाही. २०११मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला मोफत घरी सोडण्याची सोय आहे. ज्याला अपघात झाला, साप चावला, क्षय झाला त्याला ती नाही. मग परतीचं भाडं संपायच्या आत निघणं हा शहाणपणा ठरतो. आणि माणूस नांदेडात मेला तर? प्रेत घरी न्यायचं भाडं जिवंत माणसाच्या भाड्याच्या कितीतरी पट. गुड्यावर, आपल्या माणसांत, आपल्या रीतीनं माती व्हावी ही इच्छा आणि शववाहिकेचं भाडं या दोन गोष्टी त्या घरात वेगवेगळ्या राहत नाहीत. ‘आता काही खरं नाही’ असं वाटायला लागलं की माणसं पेशंटला उचलून नेतात. घरी मरू द्यावं म्हणून नेतात. आपण लिहितो, धोका समजला नाही.

भाषेचं पाहा. हैदराबाद संस्थानात १९४०मध्ये कुमराम भीम या गोंड नेत्याचं बंड चिरडल्यावर निजामाच्या सरकारला जाग आली आणि मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांना आदिलाबादच्या गोंडांकडं धाडण्यात आलं. पुढं मारलवाईला गोंड शिक्षक घडवण्याचं केंद्र निघालं, गोंडीची क्रमिक पुस्तकं निघाली, आणि ती निघाली देवनागरीत. याच कामात एक मराठी अधिकारी होते, लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात १९१०मध्ये जन्मलेले सेतुमाधवराव पगडी. महाराष्ट्र त्यांना शिवकाळाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. त्यांनी आदिलाबादेत राहून गोंडी-कोलामी शिकल्या आणि त्या भाषांची व्याकरणं लिहिली, हे फारसं कुणी सांगत नाही. किनवट तेव्हा आदिलाबादमध्येच होतं. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वी एका सरंजामी राजवटीला, बंडाच्या भीतीनं का होईना, जे सुचलं ते आज आपल्याला सुचत नाही. वैद्यकीय शिक्षणाच्या २०१९च्या नव्या अभ्यासक्रमात स्थानिक भाषा आणि संवादकौशल्याला जागा मिळाली, हे चांगलं झालं. पण नांदेडात शिकणाऱ्या परप्रांतीय मुलासाठी स्थानिक भाषा म्हणजे मराठी. गोंडी-कोलामी ऐकली की ‘कायतरी तेलगूसारखं बोलतात’ एवढ्यावर चौकशी थांबते.

बोलण्याच्या तऱ्हेबद्दल तर भाषांतराचीही गरज नाही. हाइमेनडॉर्फ यांनी नोंदवलंय की गोंड आपल्या गावदेवाच्या पूजेसाठी कोलाम पुजाऱ्याला मानानं बोलावतात, कारण या भूमीचे जुने मालक कोलाम, देव त्यांचं ऐकतात. तोच पुजारी वॉर्डात आला की ‘ए बाबा, सरक तिकडं’. सत्तरीच्या म्हातारीला बावीस वर्षांचा इंटर्न ‘अगं’ म्हणतो आणि तिच्या शेजारी झोपलेल्या शिक्षकाच्या बायकोला ‘मॅडम’. हे त्या म्हातारीला नेमकं कळतं.

महाराष्ट्रात या प्रश्नाला सरळ भिडण्याचं काम गडचिरोलीत झालं. अभय आणि राणी बंग यांनी १९८६मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. गोंडांना त्यांनी विचारलं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. उत्तरं अशी आली, की इमारत एवढी मोठी असते की आत वाट हरवते. डॉक्टर-नर्सा पांढऱ्या कपड्यांत असतात आणि पांढरं कापड आम्ही प्रेताला गुंडाळतो. पेशंटला आत घेता आणि घरच्यांना बाहेर काढता. डॉक्टरांच्या डिग्रीबद्दल, औषधांबद्दल तक्रार नव्हती. मग शोधग्राम या संस्थेच्या आवारात १९९३मध्ये जो दवाखाना उभा राहिला तो गावासारखा, झोपड्यांचा, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा. लोकांनीच त्याला आपल्या देवीचं नाव दिलं, माँ दंतेश्वरी दवाखाना. हेमलकशाला प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी लोकबिरादरीच्या दवाखान्यात आधी माडिया शिकून घेतली आणि पेशंटच्या घरच्यांना चूल मांडायला जागा दिली. तमिळनाडूत गुडलूरच्या आदिवासी रुग्णालयात गावातल्याच मुली शिकून नर्स झाल्या.

ही उदाहरणं आपण इतक्या वेळा ऐकली आहेत की ती आता भाषणात वापरायची झाली आहेत. ‘बंग-आमट्यांसारखी माणसं सगळीकडं कुठून आणायची?’ असं म्हटलं की विषय संपतो. मला हे पटत नाही. नातेवाइकाला रात्री खाटेजवळ बसू देणं, चूल नाही तर निदान शेड आणि पाणी देणं, पांढऱ्याऐवजी रंगीत एप्रन घालणं यासाठी मॅगसेसे मिळालेला माणूस लागत नाही. अधिष्ठात्यांच्या सहीचं एक परिपत्रक लागतं.

जगात या विचाराला आकार दिला तो एका नर्सनं. न्यूझीलंडच्या इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेनं १९८०-९०च्या दशकात मांडलं की पेशंटच्या रीतिरिवाजांची माहिती पाठ करून भागत नाही. दवाखान्यात सत्ता कुणाच्या हाती आहे हे नर्सनं आधी स्वतःपाशी ओळखलं पाहिजे, आणि सेवा सुरक्षित होती की नाही याचा निकाल ती घेणाऱ्यानं द्यायचा. १९९२मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलनं हे शिक्षणात आणलं आणि केवढा गदारोळ झाला. वर्तमानपत्रांतून टीका झाली, चौकश्या झाल्या. आज हा विचार तिथं शिक्षणाचा नेहमीचा भाग आहे. मराठीत याला सांस्कृतिक सुरक्षितता म्हणायचं का आणखी काही, यावर वेळ घालवू नये. ज्याच्या अंगाला सुई टोचायची त्याला इथं आपल्याला कमी लेखलं जाणार नाही याची खात्री वाटली पाहिजे, एवढी ती गोष्ट आहे.

ही खात्री नसली की काय होतं त्याची नोंद कॅनडात मोबाइलवर झाली. २८ सप्टेंबर २०२० रोजी क्युबेकमधल्या जोलिएत इथल्या रुग्णालयात जॉयस एशाक्वान ही अटिकामेक समाजाची सात मुलांची आई मरण पावली. मरण्याआधी तिनं फेसबुकवर थेट प्रक्षेपण सुरू केलं होतं, आणि खाटेशेजारचे कर्मचारी तिला काय काय बोलत होते ते जगानं ऐकलं. श्रीमंत देश, भरपूर खाटा, भरपूर नर्सा. तरी असं झालं.

आता उलट बाजू. संस्कृती हा शब्द दवाखान्यांना सोयीचाही पडतो. औषध नाही, खाट नाही, सोनोग्राफीला तीन दिवसांनंतरची तारीख, आणि माणूस निघून गेला की म्हणायचं, ‘त्यांची समजूतच वेगळी आहे.’ २०२३च्या सप्टेंबरच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं. ४८ तासांत आकडा ३१वर गेला. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. ५०० खाटांच्या रुग्णालयात त्याहून कितीतरी जास्त पेशंट होते. जिल्ह्याबाहेरून, तेलंगणाच्या सीमेवरून आलेले होते. त्या आठवड्यात तिथून जो लेकरू उचलून घरी गेला, त्याला अडाणी म्हणायची माझी हिंमत नाही.

त्याच आठवड्यात आणखी एक घडलं. पाहणीला आलेल्या खासदारांनी रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करवून घेतलं, कॅमेऱ्यासमोर. नंतर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. २०१९च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या तडवी भिल्ल समाजातल्या तरुण डॉक्टरनं आत्महत्या केली होती, आणि वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याच्या आरोपाचा खटला उभा राहिला. आरक्षणानं डॉक्टर झालेल्याला कँटीनमध्ये काय ऐकावं लागतं हे वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या कुणालाही सांगायला नको. एप्रन घातलेल्या आदिवासीची ही गत असेल तर जमिनीवर गादी टाकून झोपलेल्या आदिवासीची काय असेल?

लातूरचं चित्र वेगळं. तिथं आदिवासींची संख्या थोडी. पण तिथल्या सरकारी दवाखान्यात पारधी येतात, आणि पारधी हीसुद्धा महाराष्ट्रात अनुसूचित जमातच आहे. १८७१च्या इंग्रजी कायद्यानं या आणि अशा समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला; ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कागदावरून पुसला गेला. वॉर्डात पुसला गेलेला नाही. पारध्याची बाई शेजारच्या खाटेवर आली की बाकीच्या बायका पिशव्या उशाखाली घेतात, मोबाइल कनवटीला लावतात. हाणामारीत डोकं फुटलेला पारधी आला की मेडिको-लीगल नोंद होते. ती नियमानंच होते, सगळ्यांची होते, पण दवाखान्याच्या पोलीस चौकीतला जमादार नाव विचारायला येतो तेव्हा इतरांना वाटतो तेवढा निवांतपणा त्याला वाटत नाही. टाके पडले की तो जातो. केस पेपरवर फरार लिहिलं जातं, आणि पारध्याच्या नावापुढं तो शब्द वैद्यकीय राहत नाही.

लातूर-बीडकडचे ऊसतोड कामगार आदिवासी नसले तरी याच रांगेतले आहेत. मुकादमाची उचल घेतलेल्या जोडीपैकी एक खाटेवर पडला की कोयता थांबतो आणि खाडा लागतो. दवाखान्यातला प्रत्येक दिवस त्यांना दोनदा भरावा लागतो. त्यांच्यावर वेगळं पुस्तक हवं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण किनवट-माहूरमधल्या तरुण पोरांच्या बाबतीत त्याविषयीचा एक गैरसमज फार महागात पडतो. सिकलसेलचा झटका आला की हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य कळा येतात. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, कधी ताप नाही. पोरगा तळमळत असतो आणि दुखण्याचं इंजेक्शन मागतो. चार तासांनी पुन्हा मागतो. त्याला नावं माहीत असतात, कारण लहानपणापासून तो हेच घेत आलेला असतो. नेमकं नाव घेऊन इंजेक्शन मागणारा पेशंट म्हणजे नशेबाज, असं नव्या डॉक्टरला वाटतं. ‘नाटकं करतो’ हा शेरा तोंडी पडतो. अपमान झालेला पोरगा थोडं बरं वाटताच उठतो. पुढच्या झटक्याला तो दवाखान्यात उशिरा येतो किंवा येतच नाही, आणि या आजारात उशीर फुप्फुसावर, मेंदूवर बेततो. १ जुलै २०२३ रोजी केंद्रानं सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन असं लक्ष्य आहे. तपासणी होईल, कार्डं वाटली जातील. कार्ड घेऊन रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत आलेल्या पोराचं दुखणं खरं मानलं जाईल का, हे अभियानाच्या कुठल्याही तक्त्यात मोजलं जात नाही.

घरगुती उपचारांबद्दल मी भोळा नाही. मेळघाटात आजारी तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या सळीचे डाग देतात, हे बघवत नाही आणि त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण तिथंही भूमकाला, म्हणजे गावच्या वैदूला, शिव्या घालून काही साधलं नाही. त्याच्याकडं माणसं का जातात ते बघावं. तो त्यांच्या भाषेत बोलतो, घरच्या सगळ्यांना बसवून घेतो, काय झालं ते ऐकून घेतो, काय होणार ते सांगतो. यातलं काहीही एमबीबीएसच्या विरोधात नाही. आणि आदिवासी दवाखान्याकडं पाठच फिरवतात, हेही खरं नव्हे. आदिवासी आरोग्यावरच्या, डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या केंद्रीय तज्ज्ञ समितीनं २०१८मध्ये अहवाल दिला. आदिवासींना भरती व्हायची वेळ येते तेव्हा दोन तृतीयांशांच्या आसपास लोक सरकारी दवाखान्यातच जातात, असं तो सांगतो. ते येतात. आपण त्यांना टिकवू शकत नाही.

सरकारला हे अजिबात कळलेलं नाही असंही नाही. नवसंजीवनी योजनेत आजारी कुपोषित बालकासोबत राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात माहेरघरं आहेत. दिवस भरत आलेली बाई तिथं आपल्या माणसासोबत, मागच्या लेकराला घेऊन चार दिवस आधी येऊन राहू शकते. ज्या कुणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली त्याला माणूस दवाखान्यात का राहत नाही हे पक्कं माहीत होतं. अडचण ही की हे सगळं आई-बाळाशी आणि खालच्या पायरीवर थांबतं. खरी गळती वरच्या पायरीवर, जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात होते. तिथं ना आशाताई सोबत असते, ना बुडीत मजुरी, ना ओळखीचं तोंड. किनवटच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचा एक गोंडी-कोलामी जाणणारा माणूस नांदेडच्या रुग्णालयात चोवीस तास बसवला तर वर्षाचा खर्च एका उद्घाटनाच्या मांडवाएवढाही होणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या रुग्णालयात दुभाषे डॉक्टरांसोबत वॉर्डात फिरू लागले तेव्हा अर्ध्यातून निघून जाणाऱ्यांचं प्रमाण घटलं.

कायदाही पेशंटच्या बाजूनं आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेप्रमाणं आजाराची माहिती समजेल अशा भाषेत मिळणं हा हक्क आहे. दवाखान्यातून बाहेर पडणं हाही हक्क आहे. म्हणजे जाणाऱ्याला अडवायचं नाही. त्याला रागानं जाऊ द्यायचं नाही, एवढंच आपल्या हाती आहे. जाताना पाच दिवसांच्या गोळ्या हातात द्याव्या, कुठल्या लक्षणाला परत यायचं ते सांगावं, गावच्या आशाताईला फोन करावा, आणि परत आला तर ‘आता कशाला आलास’ म्हणू नये. डामाचा कागद हातात पडला की संबंध तुटला, असं मानण्याची पद्धत बंद व्हायला हवी.

पुढची टिपणं वॉर्डात, लेबर रूममध्ये, रुग्णवाहिकेत काम करणाऱ्यांसाठी आहेत. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुला-मुलींच्या हाती ती आधी पडावीत. तुम्ही आज थकलेले आहात, छत्तीस तासांची ड्यूटी आहे, सलाईन संपलंय, वरून नातेवाईक अंगावर येतात, हे सगळं मला मान्य आहे; तुमच्यावर आणखी एक ओझं टाकायचं म्हणून हे लिहिलेलं नाही. एकच मागणं आहे. पुढच्या वेळी कुणी ‘सुट्टी द्या, साहेब’ म्हणालं, की डामाचा कागद काढायच्या आधी त्याला विचारा, ‘का जायचंय?’ तो जे सांगेल ते, त्याच्या शब्दांत, केस पेपरवर एका ओळीत लिहा आणि खाली तुमची सही करा.